रोदेलियोची पंधरावी लढत

सान इसिद्रो, जेनसानजवळ, फिलिपिन्स
११ फेब्रुवारी २०१६

चि. जोव्हेलिन,

तुझ्या तियो पिलोचा आशीर्वाद. सख्खा काका फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. डिसेंबरात आपण दोघं फोनवर जे भांडलो ते गल्लीच्या टोकाच्या न्हाव्यानेही ऐकलं. तू माझ्या बॉक्सिंगला म्हातारं म्हणालीस, मी तुझ्या एमएमएला कोंबड्यांच्या खुराड्यातली मारामारी म्हणालो. तेव्हापासून तुझ्या काकूने, तिया मिलाने, माझा फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. रक्तदाब उतरला की मिळेल म्हणते. कागदावर ओरडता येत नाही, हा तिचाच शोध.

तर काम असं आहे. रोदेलियो पामाओस तुला आठवत असेल, सुकी मासळी विकणाऱ्या बेबांगचा मुलगा. तो आता माझा हुकमी बॉक्सर आहे. चौदा लढती, चौदा विजय. ओसाकाच्या एका प्रमोटरचं त्याच्यासाठी पत्र आलंय. तिथल्या विजेत्याशी लढत, मोठं सभागृह, टीव्हीवर. अट एकच: पंधरा लढती पुऱ्या हव्यात आणि त्यांत एकही हार नको. एकतीस वर्षं मी लढती भरवतोय, पण माझ्या हाताखालचा एकही पोरगा समुद्र ओलांडून गेलेला नाही. पंधरा मेला आपल्या संताच्या जत्रेत पंधरावी झाली की रोदेलियो जाईल.

पण पंधरावा माणूस मिळत नाही. आसपासच्या सगळ्या हरणाऱ्यांना रोदेलियोने हरवून झालंय, दावाओच्या एकाला तर दोनदा. जे उरलेत त्यांना त्यांचे प्रमोटर सोडत नाहीत, कारण त्यांचेही पोरगे अजिंक्य आहेत. तू तिकडे बागियोत पिंजऱ्यातल्या लढतींच्या जोड्या लावतेस. सत्तावन्न किलोचा, सभ्य, हरायची सवय असलेला कुणी असेल तर कळव. विमानाचं तिकीट माझ्याकडे.

तुझा,
तियो पिलो

बागियो
२० फेब्रुवारी

प्रिय तियो पिलो,

आशीर्वादासाठी तुमचा आणि तिया मिलाचा हात कपाळाला लावते.

‘हरायची सवय असलेला’ असं तुम्ही लिहिलंत, त्यातच तुमचं सगळं बॉक्सिंग आलं. आमच्याकडे ती सवय सगळ्यांनाच असते. आमचा सध्याचा विजेता चार वेळा हरलाय आणि लोक त्यालाच बघायला येतात. का, तर तो ज्यांच्याशी हरला ते खरोखरचे लढवय्ये होते. तुम्ही एका पोराला चौदा वेळा अंड्यासारखं जपून नेता आणि मग लाउडस्पीकरवरून सांगता की वाघ आलाय.

मी सोमवारी जोडी लावते, दोघांना कळवते, दोघं लढतात. कोण आधी रिंगमध्ये शिरणार, कुणाचं नाव वर, हातमोजे कुणाच्या पसंतीचे, यावर तुमची तीन-तीन वर्षं जातात आणि तोवर दोघांचेही गुडघे संपतात. आमच्याकडे पहिल्या जोडीपासून खुर्च्या भरलेल्या असतात. तुमच्याकडे शेवटची लढत येईपर्यंत बाकीचे बिचारे रिकाम्या खुर्च्यांसमोर नाकं फोडून घेतात. आणि बेल्ट? जगात चार संघटनांचे चार बेल्ट आहेतच, त्यात तुमचा पाचवा, चांभाराकडून शिवून घेतलेला ‘दक्षिण समुद्राचा अजिंक्यवीर’.

असो. तुम्ही मागितलंत म्हणून तीन माणसांचे तक्ते पाठवते. प्रत्येकात तीन रकाने आहेत: जिंकला किती, हरला किती आणि हरला तर कसा. तिन्ही वाचा.

तुमची,
जोव्हेलिन

सान इसिद्रो
२ मार्च

चि. जोव्हेलिन,

तुझं पत्र तियाने मोठ्याने वाचलं आणि चांभाराच्या बेल्टपाशी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तो बेल्ट अस्सल कातडीचा आहे, हे नोंद करून ठेव.

आता माझंही ऐक. तुमच्याकडे दुकान मोठं आणि माणूस नोकर. कंपनीच्या कराराबाहेर तुमचा पोरगा शिंकू शकत नाही. तो गेला तर पोस्टरवर दुसरा लावता, लोकांना फरक कळत नाही. माझा रोदेलियो उद्या मला सोडून दुसऱ्या प्रमोटरकडे जाऊ शकतो. म्हणून त्याच्या आईच्या वाढदिवसाला मला आख्खं डुक्कर भाजावं लागतं. आमच्याकडे माणूस मोठा. कंपनी म्हणजे मी, तुझी तिया आणि एक लाउडस्पीकर.

आणि हार चालते वगैरे मला शिकवू नकोस. मी अकरा लढती सलग जिंकलो होतो, हे तुला माहीत आहे. बारावी हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या प्रमोटरचा माणूस शिडी घेऊन चौकात आला आणि पोस्टरवरच्या माझ्या तोंडाला त्याने चुना फासला. पुढच्या लढतीचं पोस्टर होतं ते, आधीच लावलेलं. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तेविसाव्या वर्षी मी माजी झालो. रोदेलियो चोवीसचा आहे. त्याच्या तोंडाला चुना लागू देणार नाही, एवढंच माझं प्रमोशन.

तक्ते बघितले. तो क्रिस्पिन बायांगान पाठव. तीन विजय, सहा हार. असा गुणी माणूस शोधून सापडत नाही. तिसरा रकाना बारीक अक्षरात आहे आणि चष्मा तांदळाच्या डब्याच्या मालकिणीकडे आहे. हरला तो हरला. कसा हरला, ते त्याच्या आईने बघावं.

तुझा,
तियो पिलो

बागियो
१२ मार्च

प्रिय तियो,

चुन्याची गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. बाबांनीही नाही. वाचून वाईट वाटलं.

क्रिस्पिन तयार आहे. कंपनी जूनमध्ये त्याचा करार संपवणार आहे, त्यामुळे बाहेर लढायची परवानगीही लगेच मिळाली. एरवी तो ला त्रिनिदादहून भाजीचा ट्रक चालवतो. स्वभावाने गरीब. जमिनीवरची झोंबाझोंबी शिकवून शिकवून आमचे तीन प्रशिक्षक दमले. खाली पाडलं की त्याचं उताणं पडलेलं झुरळ होतं. सहाही वेळा असंच झालं: समोरच्याने पायात घुसून पाडलं, गळा आवळला, संपलं.

तिसरा रकाना चष्मा लावून वाचा, तियो. एवढं सांगून मी मोकळी झाले.

तुमची,
जोव्हेलिन

सान इसिद्रो
१२ मे

चि. जोव्हेलिन,

सगळी तयारी झाली. रोदेलियोचं तोंड चर्चच्या दारापासून मासळी लिलावाच्या धक्क्यापर्यंत लागलंय. क्रिस्पिनचा फोटो त्याच्या कोपराजवळ छापलाय, टपाल तिकिटाएवढा. त्याने तो बघितला आणि ‘फोटो छान आलाय’ म्हणाला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मोकळ्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही ही आपली रीत, पण या माणसाने तिची हद्द केली. सहा बाटल्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा, शेंगदाण्याची चिक्की, तियाला लोकरी शाल. इथे उकाड्याने माणसं विरघळताहेत. तिया शाल पांघरून बसलीये, तो बघत असेल तेव्हा.

काल पत्रकारांपुढे दोघांना बसवलं. पत्रकार म्हणजे रेडिओचा एक आणि चर्चच्या मासिकाचा एक. एकमेकांना डिवचल्याशिवाय तिकीट खपत नाही, म्हणून रोदेलियोकडून मी आठवडाभर एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: ‘तुला चौथ्या फेरीत झोपवतो.’ तो उभा राहिला आणि तेवढ्यात क्रिस्पिनने त्याच्यापुढे मुरंब्याची बाटली ठेवली, आईसाठी म्हणून. रोदेलियो आधी ‘थँक यू’ म्हणाला आणि मग म्हणाला, ‘तुला चौथ्या फेरीत झोपवतो.’ सगळे हसले. तुमच्याकडे असं चालतं का?

क्रिस्पिनने आज सराव केला. बॅगवर दोन हात टाकले आणि बॅग साखळीसकट खाली आली. साखळी जुनीच होती.

ओसाकाचा माणूस येणार नाही, त्याला निकालाचा कागद पाठवला की पुरे आहे. इतका विश्वास. जपानी माणसाचं हे मला आवडतं.

तुझा,
तियो पिलो

सान इसिद्रो
१७ मे

चि. जोव्हेलिन,

रोदेलियो जिंकला. तिन्ही पंचांचा कौल त्याच्याच बाजूने. पंधरा-शून्य. क्रिस्पिनला मी स्वतः विमानतळावर सोडलं. चांगला पोरगा आहे, भात फार खातो. घसा बसलाय म्हणून जास्त लिहीत नाही.

तियो पिलो

ता. क. ही मी, तिया मिला. पत्र टाकायला निघाले आणि वाटेत उघडलं. घसा ठणठणीत आहे. लढतीपासून कुणाशी बोलत नाहीत, एवढंच. फोन मी आपण होऊन डब्यातून काढून दिला, तर यांनीच परत डब्यात ठेवला.

बागियो
२५ मे

प्रिय तियो,

क्रिस्पिन परत आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, माणसं फार चांगली आहेत, ट्युना असा खाल्ला की बस्स. मग माझ्या टेबलाशी घुटमळत राहिला. त्याच्या तक्त्यात सातवी हार भरायची होती. तो म्हणाला, ‘मॅडम, तिसऱ्या रकान्यात काय लिहिणार? मी कसा हरलो ते मला नीट कळलं नाही.’ टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुमच्या गावातल्या कुणीतरी फोनवर चित्रण करून टाकलंय. मी आठही फेऱ्या बघितल्या. तो रकाना मी अजून रिकामा ठेवलाय.

आता माझी चूक सांगते. मला सगळं आधीपासून माहीत होतं. क्रिस्पिनच्या हातांसमोर आमच्याकडे कुणी उभं राहत नाही, म्हणूनच तर सगळे त्याच्या पायात घुसतात. तुमच्या रिंगमध्ये पाडायला मनाई. म्हणजे त्याचं एकमेव दुखणं तुमच्या नियमांनीच बरं करून टाकलं. हे एका ओळीत लिहिता आलं असतं. मी ‘तिसरा रकाना वाचा’ असं लिहून साळसूद राहिले, कारण खुराडं हा शब्द मला झोंबला होता आणि तुमची एकदा जिरावी असं मनात होतं. तुमची जिरायची तर मार रोदेलियोला बसणार, हे मला सुचलंच नाही. त्याची माफी मी त्याच्याकडे वेगळी मागेन.

पण तियो, तुम्ही त्याला ओसाकाला खरंच पाठवताय का?

तुमची,
जोव्हेलिन

सान इसिद्रो
९ जून

चि. जोव्हेलिन,

तुझ्या माफीचं काय करायचं ते तिया बघेल. मी तुला रागवायला बसलो होतो, पण तक्ता काढला, चष्मा लावला आणि तिसरा रकाना वाचला. सहा ओळी, सहाही सारख्या. हात दाखवून अवलक्षण माझंच. कितीदा हरला हे बघत मी आयुष्य काढलं, कसा हरला हे कुणाला विचारलंच नाही.

चित्रणात सगळं दिसत नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्या फेरीत रोदेलियो पडला, ते तू बघितलंस. चौदा लढतींत तो कधी पडला नव्हता. पडल्यावर काय करायचं हे मी त्याला शिकवलंच नव्हतं, तशी वेळ येऊ न देणं हेच माझं काम होतं. तो बसल्या जागेवरून माझ्याकडे बघायला लागला. रेफरी आकडे मोजतोय आणि मी नुसता त्याच्याकडे बघतोय. सहाला तो आपला आपणच उठला. त्यानंतर तो जसा लढला तसा मी त्याला कधी बघितला नव्हता. मार खाल्ला, दिलाही. माणसं खुर्च्यांवर चढली. आठव्या फेरीत मी प्रमोटर आहे हे विसरून मीही चढलो, खुर्ची मोडली.

पण जिंकला क्रिस्पिन. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मग तीन पंचांचे तीन कागद माझ्या हातात आले, कारण माईक माझ्याकडेच असतो. दातांचे डॉक्टर, निवृत्त हेडमास्तर आणि माझ्या मुलीला बाप्तिस्म्याला हातात धरणारा आर्तेमियो. तिघांनीही रोदेलियो लिहिलं होतं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. सांगावं लागत नाही, हाच तर गावचा त्रास. मी ते वाचलं. आपल्याच गावात, आपल्याच पोराचं नाव, आणि एक टाळी पडली नाही. बेबांगसुद्धा मांडीवर हात ठेवून बसून राहिली. टाळ्या वाजवल्या त्या क्रिस्पिनने.

चार दिवसांनी ओसाकाचा करार आला. मी सहीला रोदेलियोकडे नेला. त्याने वाचून घडी करून ठेवला आणि सायकल काढली. कुठे गेला ते संध्याकाळी हेडमास्तरांकडून कळलं. त्यांच्या ओसरीवर उभा राहून त्याने एवढंच विचारलं, ‘सर, मी जिंकलो का?’

सर म्हणाले, बस, पाणी पी.

‘पाणी नको सर. तुम्ही मला शाळेत दोनदा नापास केलंत, तेव्हा माझ्या आईकडे बघितलं नाहीत. आता का बघितलंत?’

सरांनी चष्मा पुसला आणि नवीन कागद लिहून सही करून दिली. दातांच्या डॉक्टरने तर रोदेलियोचा हलणारा दात बघत बघतच निकाल बदलला. आर्तेमियोने बदलला नाही. ‘तुझ्या तियोच्या घरी मी जेवलोय, त्याच्याशी बेइमानी करणार नाही,’ म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि का, हे दोघांनाही नीट सांगता येत नाही.

रोदेलियोने दोन्ही कागद माझ्या पुढ्यात टाकले आणि म्हणाला, मनिलाच्या बॉक्सिंग मंडळाला हे पाठवा. मी खूप समजावलं, पोरी. शिडीवाला माणूस, चुना, सगळं सांगितलं. ओसाका परत येत नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘तियो, एक क्रिस्पिन आठ फेऱ्या झेपला नाही. तिथला तर विजेता आहे. त्यांनी मला कशाला बोलावलं असेल?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओसाकाच्या माणसाने माझे चौदा विजय बघितले होते आणि कुणाविरुद्ध मिळवले तेही बघितलं होतं. त्याने तिसरा रकाना वाचला होता. फेब्रुवारीत मी तुला जे पत्र लिहिलं, तेच त्याने मला लिहिलं होतं, फक्त त्याचा कागद चांगला होता. सभ्य, सत्तावन्न किलोचा, हरवायला सोपा माणूस हवा होता त्याला. आणि मी बँड लावून पाठवणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मनिलाला जाऊन कागद दिले. खिडकीतला कारकून म्हणाला, निकाल बदलून मागणारे रोज येतात, स्वतःविरुद्ध मागणारे तुम्ही पहिले. पंधरा लढती, चौदा विजय, एक हार असा शिक्का बसला. ओसाकाला मीच कळवलं. त्यांचं दोन ओळींचं फार सभ्य उत्तर आलं. मी रडलो, लपवत नाही. एकतीस वर्षं होती त्यात.

परत आलो तर दारात माणसं. मला वाटलं, मोडलेल्या खुर्चीचा मालक असेल. पण गावची माणसं होती, ती विचारत होती की दोघं परत कधी लढणार. अजून तारीख नाही, पोस्टर नाही, आणि लोक आधीच जागा सांगून जाताहेत. हे माझ्या बाबतीत कधी घडलेलं नाही. तेव्हा क्रिस्पिनचा करार संपला असेल तर डिसेंबरात त्याला पाठव. रकान्यात ‘जिंकला’ भर. पोस्टरवर या वेळी दोन्ही तोंडं सारखी, एक इंच कमी-जास्त झालं तर तू इथे येऊन भांड.

रोदेलियो सोमवारपासून सरावाला येतो. काल त्याच्या हाताला पट्ट्या बांधत होतो. उजवा हात झाला आणि मी म्हणालो, ‘पोरा, या खेपेलाही हरलास तरी चालेल. तू माझाच बॉक्सर.’ हे वाक्य मी एकतीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं आणि मलाही कुणी म्हटलं नव्हतं. त्याने मान वर केली नाही. डावा हात पुढे केला आणि म्हणाला, ‘हा घट्ट बांधा, तियो. सैल राहतो.’

तुझा,
तियो पिलो